आधी भटकंती, मग गाइड

पत्र : आम्ही पाच जण, म्हणजे मी, माझे पती, १४ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी आणि सासूबाई, परदेशातल्या एका मोठ्या जुन्या शहरात चार दिवसांसाठी जाणार आहोत. मागच्या सहलीत गाइडबरोबर तीन तासांची पायी फेरी घेतली होती. गाइड जाणकार होता, पण पहिल्या तासानंतर मुले मागे रेंगाळू लागली, सासूबाईंचे गुडघे बोलू लागले आणि घरी परतल्यावर त्यातले काहीच कोणाला नीट आठवेना. या वेळी फोनवर कोडी सोडवत शहर पाहायचा खेळ घ्यावा, असा मुलाचा हट्ट आहे. पतींच्या मते तो निव्वळ पोरखेळ आहे; पैसे देऊन वाट चुकायची आणि शहराचा इतिहास कळायचा नाही तो नाहीच. अशा प्रकारांत खरोखर काही अर्थ असतो का? ते निवडायचे कसे? आणि सासूबाईंना त्यात कसे सामावून घ्यायचे?

सप्रेम नमस्कार,

सरळ उत्तर आधी देते. पहिल्या दिवशी खेळ घ्या. गाइडची फेरी रद्द करू नका, पण ती तिसऱ्या दिवसावर ढकला आणि तीन तासांऐवजी दीड तासाचीच घ्या. मुलाचे म्हणणे मान्य करा. पतींचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण गाइडशी बोलताना त्याचाच उपयोग होणार आहे.

मागच्या फेरीतले काही आठवत नाही, यात गाइडचा दोष असेलच असे नाही आणि तुमचा तर नाहीच. गाइडच्या मागून फिरणाऱ्याला निर्णय असा घ्यावाच लागत नाही. कोणत्या गल्लीत वळायचे, कुठे थांबायचे, कोणत्या खिडकीकडे पाहायचे आणि किती वेळ पाहायचे, हे सगळे दुसऱ्याने ठरवलेले असते. १९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन या मानसशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अंधारात वाढवलेल्या पिल्लांची जोडी रोज ठरावीक वेळ उजेडात आणून एका गोल फिरणाऱ्या यंत्राला जोडली जात असे. जोडीतले एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले आणि दुसरे पाळण्यात बसून, पहिल्याच्या हालचालीबरोबर तितकेच फिरे. दोघांच्या डोळ्यांपुढून सारखीच दृश्ये सरकत होती. तरीही पुढे चालणारे पिल्लू नजरेच्या आधाराने व्यवस्थित वावरू लागले, तर पाळण्यातल्या पिल्लाला खोल कड ओळखून मागे सरता येईना आणि जमिनीजवळ नेल्यावर पंजेही पुढे करता येईनात. पिल्लांवरून सहलीला आलेल्या कुटुंबाबद्दल थेट निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल, हे मला मान्य आहे. पण गाइडच्या मागून तीन तास चाललेली मुले घरी येऊन काहीच का सांगू शकत नाहीत, याची दिशा त्यातून दिसते.

माणसांवरचे पुरावे अधिक साधे आहेत. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या होत्या, तर काही जणांना जोडीतला दुसरा शब्द पहिल्या शब्दाशी असलेले नाते आणि पहिले अक्षर यांवरून स्वतः ओळखायला लावला होता. वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः ओळखलेले शब्द अधिक लक्षात राहिले. उत्तर स्वतः शोधून काढण्याचे जे थोडे कष्ट पडतात, त्यांचाच हा फायदा आहे, आणि चांगल्या शहर-खेळाची सगळी भिस्त त्यावरच असते. गाइड सांगतो की ही कमान नंतर दुरुस्त केलेली आहे. आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. खेळात मात्र कमानीतले वेगळ्या रंगाचे दगड मोजल्याशिवाय पुढचा टप्पा उघडत नाही, आणि ते मोजता मोजता ‘हे दगड वेगळे का?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून आपोआप बाहेर पडतो.

पोरखेळाच्या आक्षेपाबद्दल सांगायचे तर हा प्रकार फोनच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्याचा उगम पोराटोरांत झालेला नाही. इंग्लंडमधल्या डार्टमूर या ओसाड पठारावर क्रॅनमिअर पूल नावाची एक दुर्गम जागा आहे. तिथे १८५४ साली जेम्स पेरट यांनी एक बाटली ठेवली आणि तिथवर पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकून यायचे, असा रिवाज पडला. त्यातून पुढे लेटरबॉक्सिंग हा छंद वाढला, ज्यात लपवलेल्या डब्या शोधून त्यांतल्या शिक्क्यांचे ठसे आपल्या वहीत घ्यायचे असतात. हे पेरट पेशाने गाइड होते, ही गोष्ट तुमच्या पतींना जरूर सांगा. नुसते बोट दाखवण्यापेक्षा पाहुण्याला काहीतरी शोधायला लावले तर तो आनंदाने लांबवर चालतो, हे त्यांना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते. जपानमध्ये १९३१ साली फुकुई स्थानकापासून रेल्वे स्थानकांवर प्रवाशांसाठी शिक्के ठेवायला सुरुवात झाली. आजही तिथे मोठी माणसे वह्या घेऊन स्थानकामागून स्थानक पालथे घालतात. जीपीएसच्या आधाराने जागा शोधायच्या खेळांची सुरुवात झाली ती मे २००० मध्ये. जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकी सरकारने काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये झाडीत एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग उभे राहिले, आणि आज जगभरच्या शहरांत असे लपवलेले डबे आहेत.

आता निवडीविषयी. बाजारात या नावाखाली वाटेल ते विकले जाते, आणि जाहिरातींची भाषा सगळीकडे सारखीच असते. मी एकच गोष्ट तपासायला सांगेन : खेळातले कोडे घरबसल्या सुटते का? सुटत असेल तर तो खेळ घेऊ नका. ‘समोरच्या पुतळ्यातल्या सेनापतीचा जन्म कोणत्या साली झाला?’ असा प्रश्न असला, तर मुलगा पुतळ्याकडे पाठ करून फोनवर उत्तर शोधील आणि दहा सेकंदांत पुढे निघेल. पुतळा तिथे नसता तरी त्याचे काही अडले नसते. अशी कोडी करणाऱ्याने त्या शहरात पाऊलही न टाकता उंटावरून शेळ्या हाकलेल्या असण्याची शक्यता बरीच असते. याउलट, ‘पुतळ्याचा कोणता हात रिकामा आहे, त्या हाताच्या रोखाने पाहा, तिथल्या इमारतीच्या दरवाजावर आज जे नाव आहे त्याच्या वर आणखी एक नाव कोरलेले आहे, त्यातले तिसरे अक्षर लिहा’ असे कोडे असेल, तर त्याला तिथे उभेच राहावे लागते. तो आधी मान वर करतो. मग दुकानाच्या चकचकीत पाटीच्या वर, पावसाने काळवंडलेल्या दगडात, एके काळच्या बँकेचे नाव त्याला दिसते. खाली कपडे विकले जात आहेत आणि वर बँकेचे नाव आहे, एवढ्यावरून हा रस्ता पूर्वी काय होता याचा अंदाज तो स्वतः बांधतो. शहराची बरीचशी हकीकत पहिल्या मजल्याच्या वर लिहिलेली असते आणि पर्यटकांची नजर बहुधा दुकानांच्या काचांवरच अडकलेली असते. नजर वर उचलायला लावणे एवढे एक काम खेळाने केले तरी मी त्याला पास करीन.

ही कसोटी लावायला खेळ विकत घ्यावा लागत नाही. बहुतेक खेळांचा एखादा नमुना टप्पा पाहायला मिळतो, आणि ज्यांनी तो खेळला आहे त्यांचे अभिप्राय वाचता येतात. अभिप्राय वाचताना त्यांची तारीख आधी पाहा. कोडे ज्या पाटीवर बेतलेले असते ती पाटी हलते, भिंतीला नवा रंग लागतो, इमारतीपुढे बांधकामाची परांची उभी राहते, आणि मग चांगला खेळही मध्येच अडकतो. ‘पाचव्या टप्प्यावरची पाटी आता नाही’ असे गेल्या महिन्यात कोणी लिहिले असेल आणि त्यावर खेळ चालवणाऱ्याचे उत्तर आले नसेल, तर त्या खेळाची देखभाल होत नाही हे उघड आहे. अडल्यावर सूचना मागण्याची आणि टप्पा वगळून पुढे जाण्याची सोय असायलाच हवी, नाहीतर नऊ वर्षांची मुलगी आणि तुमचा संयम दोन्ही एकाच वेळी संपतील.

फोटो काढण्याच्या कामांबद्दल एक सावधगिरी. अनेक स्वस्त खेळांत ‘अमुक कारंज्यासमोर सगळ्यांचा सेल्फी काढा’ असली कामे भरलेली असतात. लिंडा हेंकेल या संशोधिकेने संग्रहालयात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्याचे आढळले. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा हा तोटा दिसला नाही. म्हणून ‘या दरवाजावर कोरलेला प्राणी शोधा आणि फक्त त्याचाच फोटो घ्या’ हे काम चालेल, कारंज्यासमोरचा घोळका नको.

घड्याळ लावून खेळायचे आणि शेवटी इतर गटांशी गुण ताडून पाहायचे, हा प्रकार मला अजिबात पसंत नाही. वेळ मोजली जायला लागली की मुले पळत सुटतात, वाटेत दिसलेला सुंदर जिना अडथळा वाटायला लागतो आणि सासूबाई तर पहिल्या दहा मिनिटांतच मागे पडतात. ज्या खेळात घड्याळ बंद करता येते किंवा खेळ अर्धा ठेवून दुसऱ्या दिवशी पुरा करता येतो, तोच घ्या. तसेच बंद खोलीत कोंडून घेऊन कुलपे उघडण्याचा जो खेळ आहे, तो शहर पाहण्याच्या यादीत धरू नका. २००७ साली ताकाओ कातो यांनी क्योटोमध्ये सुरू केलेला तो प्रकार मजेचा आहे, पण त्या खोलीच्या चार भिंती कुठल्याही शहरात सारख्याच असतात. पावसाच्या दिवसासाठी तो राखून ठेवावा.

फोन हातात न धरता खेळता येणारे प्रकारही पुष्कळ आहेत आणि तुमच्यासारख्या मिश्र वयाच्या कुटुंबाला ते अधिक सोयीचे पडतात. काही शहरांत शोधण्यासारख्या वस्तू रस्त्यांवरच विखुरलेल्या असतात. पॅरिसमध्ये १९९८ पासून इन्व्हेडर हे टोपणनाव घेतलेला कलाकार जुन्या व्हिडिओ गेममधल्या आकृत्या छोट्या फरश्यांनी भिंतींवर चिकटवत आला आहे. त्या शोधत फिरणाऱ्यांसाठी आता वेगळे अ‍ॅपही आहे. दुसरा प्रकार ऐकण्याचा आहे. कॅनडाच्या कलाकार जॅनेट कार्डिफ यांनी १९९१ मध्ये पहिला ऑडिओ वॉक केला. कृत्रिम डोक्याच्या दोन्ही कानांच्या जागी मायक्रोफोन बसवून केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे हेडफोनमधली पावले आपल्याच मागून येत असल्यासारखी वाटतात आणि ऐकणारा वळून पाहतो. असे ऐकण्याचे अनुभव आता बऱ्याच ठिकाणी मिळतात. चांगल्या ऑडिओ फेरीत निवेदक ‘आता डावीकडच्या बाकावर बसा’ असे सांगून तुम्हाला खरोखर बसवतो आणि आसपासच्या आवाजांकडे लक्ष द्यायला लावतो. वाईट फेरीत तोच गाइड असतो, फक्त त्याला प्रश्न विचारता येत नाही.

आता पतींच्या आक्षेपाकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात ब्राँझचे शेकडो छोटे बुटके आहेत. फूटपाथच्या कडेला, खिडकीच्या कठड्यावर, दिव्याच्या खांबावर ते बसवलेले आहेत. एका ठिकाणी दोन बुटके एकाच दगडी गोळ्याला समोरासमोरून रेटत आहेत आणि गोळा अर्थातच जागचा हलत नाही. मुलांना नकाशा देऊन मोकळे सोडले तर दिवस कसा गेला ते कळणार नाही. पण हे बुटके तिथे का आहेत, ते बुटक्यांकडे पाहून कळत नाही. १९८०च्या दशकात त्या शहरातल्या भिंतींवर कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध घोषणा लिहिल्या जात आणि सरकारी माणसे त्यांवर रंग फासून त्या झाकून टाकत. ऑरेंज ऑल्टरनेटिव्ह या चळवळीतल्या तरुणांनी त्याच रंगाच्या डागांवर बुटके चितारायला सुरुवात केली. घोषणा लिहिणाऱ्याला पकडता येते. बुटका काढणाऱ्याला कोणत्या गुन्ह्यासाठी पकडायचे, असा पेच त्यामुळे पोलिसांपुढे पडला. १ जून १९८८ रोजी तर हजारो लोक बुटक्यांसारख्या नारिंगी टोप्या घालून रस्त्यावर उतरले. २००१ मध्ये चळवळीच्या स्मरणार्थ श्विदनित्स्का रस्त्यावर पहिला बुटका बसवला गेला आणि २००५ पासून तोमाश मोचेक या शिल्पकाराच्या छोट्या बुटक्यांनी त्यात भर घातली. ही कहाणी माहीत नसलेल्या मुलाने पन्नास बुटके शोधले तरी त्याच्या हाती संख्याच लागते. ती सांगायला माणूस लागतो, आणि तोही असा, की ज्याला मध्येच ‘मग पोलिसांनी काय केले?’ असे विचारता येईल.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. कहाणी आधी ऐकली आणि बुटका नंतर पाहिला, तर तो सांगितलेल्या गोष्टीचे चित्र होऊन राहतो. स्वतः शोधलेल्या बुटक्याबद्दल दोन दिवसांनी कहाणी ऐकली, तर प्रश्न आधीपासून मनात असतो आणि उत्तर त्या प्रश्नाच्या जागी जाऊन बसते. पतींना हवा असलेला इतिहास असा तिसऱ्या दिवशी त्यांच्या पदरात पडेल, आणि तेव्हा मुलेही कान देऊन ऐकतील.

प्रत्यक्ष खेळताना काही साध्या गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच फोन चालू ठेवा आणि तो दर टप्प्याला हस्तांतरित करा, नाहीतर मुलगा सगळी कोडी एकटाच सोडवील आणि बाकीचे पुन्हा मागे चालणारे होतील. ज्याच्या हातात फोन आहे त्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी शोधायचे, असा नियम केला तर मुलीची पाळी आली तरी खेळ अडत नाही. उघड्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते, पण उंच इमारतींच्या मधल्या अरुंद गल्लीत संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि नकाशावरचा ठिपका भलत्याच रस्त्यावर जाऊन बसतो. तेव्हा ठिपक्यापेक्षा रस्त्याच्या पाटीवर विश्वास ठेवा. नकाशा आणि खेळ मुक्कामावरच डाउनलोड करून ठेवा, पॉवर बँक भरलेली असू द्या आणि रस्ता ओलांडताना फोन खिशात, हा नियम मोठ्यांनीही पाळा.

जागेचे भानही ठेवावे लागते. २०१६ च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो हा खेळ आला, तेव्हा लोक तो ऑश्विट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकात आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयातही खेळू लागले आणि अखेर दोन्ही संस्थांना तसे न करण्याची विनंती करावी लागली. खेळाचा एखादा टप्पा प्रार्थनास्थळात, दफनभूमीत किंवा कोणाच्या घराच्या अंगणात नेत असेल, तर तो वगळा. लोक राहतात त्या गल्लीत रात्री उशिरा आरडाओरडा करत कोडी सोडवू नका. गाइडच्या मोठ्या गटांचाही स्थानिकांना असाच जाच होतो. व्हेनिसने २०२४ पासून अशा गटांवर २५ जणांची मर्यादा घातली आणि ध्वनिवर्धकांवर बंदी आणली. पाच जणांचे कुटुंब म्हणजे काही गट नव्हे, पण गलका करायला पाचही पुरतात.

सासूबाईंसाठी वेगळा कार्यक्रम आखून त्यांना हॉटेलवर किंवा बाकावर सामानाची राखण करत बसवू नका. ते त्यांना सोयीचे वाटेल असे आपण समजतो, पण संध्याकाळी सगळे जण दिवसभराच्या गमती सांगू लागले की त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. खेळ निवडतानाच एकूण अंतर, चढ, पायऱ्या आणि दगडी फरसबंदी यांची माहिती काढा; दोन किलोमीटरच्या आतला, पुष्कळ बाक आणि स्वच्छतागृहे असलेल्या भागातला मार्ग दोन दिवसांत विभागून केला तरी चालतो. काही टप्पे ट्रामने किंवा बसने जोडता येतात. मुलांना त्यांच्या भोवताली पाठवा : सासूबाई चौकातल्या बाकावर बसतील, मुले नजरेच्या टप्प्यात राहून चारी बाजूंच्या इमारतींवर काय दिसते ते येऊन सांगतील आणि कोड्याचे तुकडे जुळवायचे काम सासूबाईंचे. एका जागी निवांत बसलेल्या माणसाला चौकातले जे दिसते ते धावणाऱ्याला दिसत नाही. दर थोड्या वेळाने कोण कुठून येते, कोणता दरवाजा उघडतो, कोणते दुकान बंद दिसत असूनही आत माणसे जातात, हे त्यांच्याच लक्षात येईल. शिवाय अडल्यावर अनोळखी माणसाला विचारायची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. भाषा येत नसली तरी वयस्क बाईला लोक थांबून, हातवारे करून उत्तर देतात.

संध्याकाळी मुक्कामावर परतल्यावर पाचही जणांनी, एकमेकांचे न पाहता, त्या दिवशी फिरलेल्या भागाचा नकाशा आठवणीने काढावा. केविन लिंच या नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या रहिवाशांना त्यांच्या शहरांचे नकाशे असेच काढायला लावले होते. माणसांच्या मनातले शहर वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा या पाच गोष्टींनी बनलेले असते, असे त्याने त्यावरून १९६० मध्ये मांडले. तुमच्या पाच नकाशांत हेच दिसेल. मुलाच्या नकाशात वाटा नेमक्या असतील, मुलीच्या कागदावर कदाचित एखादा दगडी सिंह निम्मी जागा व्यापून बसेल, सासूबाईंचा चौक सगळ्यांत तपशीलवार असेल. चित्र चांगले येते की नाही याला महत्त्व नाही, आणि पतींनी त्यात दुरुस्त्या करायच्या नाहीत, एवढे आधीच ठरवून घ्या. मग पाचही कागद शेजारी शेजारी ठेवून कोरे राहिलेले भाग पाहा : नदी जवळ असूनही कोणाच्याच नकाशात का आली नाही, दोन चौकांना जोडणारा रस्ता एकालाही का आठवत नाही, वाकडातिकडा वाटणारा एखादा रस्ता शहराच्या खऱ्या नकाशावर गोल का दिसतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असे असते, की तिथे एके काळी शहराची तटबंदी होती.

हे प्रश्न पतींनी लिहून काढावेत आणि दुसऱ्या दिवशी रात्री गाइडला आगाऊ पाठवावेत. सोबत आणखी तीन गोष्टी कळवा : तुम्ही हा भाग आधी पाहिलेला आहे, त्यामुळे ठळक स्थळे दाखवण्याची गरज नाही; फेरी दीड तासाची हवी आणि दर वीस मिनिटांनी बसायला जागा हवी; आणि मुले मध्येच प्रश्न विचारतील. खाजगी गाइड हे बहुधा आनंदाने मान्य करतात, कारण तीच ती फेरी रोज करून त्यांनाही कंटाळा येत असतो. मार्ग ठरलेला आहे, त्यात बदल होणार नाही, असे उत्तर आले तर दुसरा गाइड शोधायला तुमच्या हाती अजून एक दिवस असेल.